दार उघडण्यापुरती जागा

५ जानेवारी

प्रिय ठोक्या,

फोन केला नाही, कारण फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मागे तुझ्या गॅरेजमधली ठोकाठोक चालू असते. आज मला पोटभर रागवायचं आहे आणि मध्ये कुणी बोललेलं चालणार नाही.

नवी गाडी घरी येऊन नऊ दिवस झाले. आज ड्यूटी संपवून खाली आले, तर मागच्या डाव्या दाराला पोचा! मळलेल्या कणकेत कुणी अंगठा दाबावा तसा. चिठ्ठी नाही, नाव नाही, 'चुकून लागलं हो मेट्रन' म्हणायलाही कुणी थांबलेलं नाही. वॉचमनला विचारलं तर म्हणतो, "एवढासा तर आहे, बाई. लांबून दिसतसुद्धा नाही." मी म्हटलं, "तुझ्या नाकावर तेवढासा पाडू का? लांबून दिसणार नाही."

सव्वीस वर्षं मी या हॉस्पिटलात उभ्याने काढली. आजवर जे वापरलं ते कुणाचं तरी जुनं. आईची कपाटं, वहिनीने दिलेला मिक्सर, आणि ती तुझ्या गिऱ्हाइकाची जुनी गाडी. बिचारी सप्टेंबरात विकेपर्यंत आठ वर्षं याच आवारात उभी राहिली, तिला कुणी हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोरी वस्तू घेतली, तर लोकांना नऊ दिवस दम निघाला नाही.

तू पोचे काढणारा माणूस आहेस. उपाय सांग. तत्त्वज्ञान नको.

तुझी ताई


१३ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र मोठ्याने वाचलं. बायको हसून हसून बेजार झाली. वॉचमनच्या नाकापाशी तर दोनदा थांबावं लागलं.

रंग उडाला नसेल तर घाबरू नकोस. दाराच्या आतून सळई घालून पत्रा हळूहळू वर उचलतात, पत्ताही लागत नाही. गाडी आणशील तेव्हा करून देतो. तोवर एवढं कर.

शक्यतो टोकाची जागा धर, म्हणजे एक बाजू तरी भिंतीकडे राहील. दोन दारांच्या गाडीशेजारी लावू नकोस, तिची दारं लांब असतात आणि जास्त बाहेर येतात. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली दिसली तर पुढे जा; मूल हातात असलं की दार गुडघ्याने ढकललं जातं. पट्ट्यांच्या बरोबर मधोमध लाव. गाडी उलटी लाव, तोंड बाहेर, म्हणजे निघताना तुला सोपं. दारांवर रबराच्या पट्ट्या मिळतात, त्या चिकटव. दिसायला बऱ्या नसतात, पण मार खातात.

आणि दुसऱ्यांदा लागलंच, तर जमिनीपासून पोच्याची उंची मोज आणि कुठला रंग लागलाय का ते बघ. प्रत्येक गाडीच्या दाराची कड ठरावीक उंचीवर असते. माणूस खोटं बोलतो, दार बोलत नाही.

एक मनातलं सांगतो, चिडू नकोस. ही गाडी आहे, ताई. वापरली की लागणारच.

तुझा ठोक्या


२४ जानेवारी

ठोक्या,

'वापरली की लागणारच' हे वाक्य तू परत घे. कारण तेच वाक्य मी काल आणखी एका तोंडून ऐकलं आहे आणि त्या तोंडाचं मला दर्शनही नको झालं आहे.

दोन नवे पोचे आलेत. दोन्ही उजवीकडे. एकावर पांढरी रेघ. वॉर्डातली टेप नेऊन मोजलं, चौसष्ट सेंटिमीटर. जेवणाच्या सुट्टीत टेप घेऊन आवारातल्या सगळ्या पांढऱ्या गाड्यांच्या दारांपाशी उकिडवी बसत फिरले. बघ्यांना वाटलं असेल, मेट्रनबाईंचं डोकं फिरलं. चौसष्टवर एकच गाडी बसली. आमच्या भुलेच्या डॉक्टरांची.

मी सभ्यपणे चिठ्ठी लिहिली: 'आपल्या दाराने माझ्या गाडीला पोचा पडला आहे. कृपया भेटावे.' वायपरखाली ठेवली. तर हा गृहस्थ भर वॉर्डात, शिकाऊ नर्सेससमोर मला म्हणतो, "मेट्रन, तुमच्या गाडीच्या अंगाला हळद लागलीय का? गाडी म्हणजे वापरायची वस्तू. वापरली की लागणारच. एवढा जीव असेल तर घरी झाकून ठेवा."

पोरी खाली माना घालून हसत होत्या. मला, मेट्रनला, उत्तर दहा मिनिटांनी लिफ्टमध्ये सुचलं, तेव्हा तिथे फक्त ऑक्सिजनचा सिलिंडर होता.

तुझ्या पट्ट्या लावल्या आहेत. टोकाची जागा मिळवायला आता मी पाऊण तास आधी जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

ताई


३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

वाक्य परत घेतलं. त्या डॉक्टरांची गाडी माझ्या गॅरेजला आली तर दोन आठवडे रांगेत ठेवीन.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. पांढऱ्या रेघेचा पोचा उभा आणि धारदार आहे, तो दाराच्या कडेचाच. पण बाकीचे दोन वेगवेगळ्या उंचीवर आहेत, वेगवेगळ्या गाड्यांचे. म्हणजे एक माणूस नाही, निदान तीन आहेत.

तुझी जुनी गाडी त्याच आवारात आठ वर्षं राहिली, म्हणतेस. ती मीच तुला दिली होती आणि दरवर्षी मीच धुऊन-पुसून पाहायचो. दारांवर एक खळगा नव्हता. मग चार महिन्यांत सगळं हॉस्पिटल आडदांड झालं का? माणसं बदलली, की जागा बदलली?

टेप हातात आहेच तर पट्ट्यांमधलं अंतर मोज.

खरं सांगायचं तर माझं अर्धं पोट अरुंद जागांवर चालतं. लोक रुंद जागेत गाड्या लावायला लागले तर मला दुपारी झोपा काढाव्या लागतील. तरीही मोज.

ठोक्या


१० फेब्रुवारी

ठोक्या,

मोजलं. दोनशे दहा सेंटिमीटर.

आणि ऐक. डांबरावर नीट पाहिलं तर जुन्या पट्ट्या काळ्या रंगाने बुजवलेल्या दिसतात. त्यांच्यातलं अंतर अडीच मीटर होतं. ऑक्टोबरात इमारतीला रंग दिला तेव्हा व्यवस्थापकांनी पट्ट्याही नव्या मारून घेतल्या. दोन रांगांत बेचाळीस गाड्या मावायच्या, आता पन्नास. वार्षिक अहवालात छापलंय, 'रुग्णांच्या सोयीसाठी आठ वाहनांची वाढीव जागा.' जागा एक इंच वाढलेली नाही! तेवढ्याच कापडात आठ सदरे जास्त शिवले आणि म्हणे कापड वाढलं.

गाड्या फिरून पाहिल्या. एकही धड नाही. भुलेच्या डॉक्टरांच्या गाडीला तर दोन्हीकडून सात. याचा अर्थ मी त्यांची माफी मागेन असा काढू नकोस. हळदीचं वाक्य त्यांच्या खाती आहे ते आहेच.

व्यवस्थापकांना रीतसर पत्र दिलं, माझ्या गाडीच्या तिन्ही पोच्यांच्या फोटोंसकट. उत्तर आलं नाही, भिंतीवर नवी पाटी आली: 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्यापासून जेवणाची सुट्टी गाडीत बसून काढणार आहे. कोण ठोकतो ते या डोळ्यांनी बघते.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

पहाऱ्याला बसू नकोस. पहारेकऱ्याला चोर सापडला नाही तर तो कुणालाही चोर करतो. तुझा स्वभाव मला माहीत आहे. डबा वॉर्डात खा.

ठोक्या


१४ मार्च

प्रिय ठोक्या,

पत्राला उशीर झाला. इकडे सगळं ठीक. काम जास्त आहे. गाडीचं आता सोडून दे, मीही सोडलं आहे. वहिनीला नमस्कार.

ताई


१९ मार्च

ताई,

तू चार ओळींत पत्र संपवलंस. बाबांच्या आजारपणातसुद्धा तुझं पत्र पाच पानांचं होतं, त्यात एक पान शेजारणीबद्दल होतं. गाडीचं सोडलं म्हणतेस. तू आजवर काय सोडलंयस?

म्हणून तुझ्या लेकीला फोन केला. ती आधी 'मामा, आईने सांगू नको म्हटलंय' म्हणाली आणि मग रडली. तुला नोटीस आली आहे. तू गाडी हलवलीस म्हणून एक पेशंट पडला, असं त्यात लिहिलं आहे.

मला सगळं लिही. क्रमाने लिही. मी हसणार नाही. पहिल्या पत्राला हसलो होतो, त्याची आता लाज वाटते.

ठोक्या


२३ मार्च

ठोक्या,

लिहिते.

२७ फेब्रुवारी. दुपारचा एक वाजला होता. मी गाडीत डबा उघडून बसले होते, गाडीचं तोंड बाहेर. उजवीकडच्या जागेत एक गाडी माझ्यासारखीच उलटी आत शिरली. चालवणारी तिशीची मुलगी, मागे तिचे वडील. नंतर कळलं, आयुष्यभर टेलरिंग केलेले गृहस्थ, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेले, टाके काढायला आले होते. मुलगी पलीकडून उतरून त्यांच्याकडे यायच्या आत त्यांनी आपणच दार उघडलं. ठक्. माझ्या मागच्या दारावर.

मला काय वाटलं ते तुझ्यापासून लपवत नाही. मला आनंद झाला. सापडला! माझ्या बाजूचं दार उघडेना, तेवढी फट नव्हती. म्हणून डाव्या दाराने उतरले आणि वळसा घालून गेले. तोंडात वाक्य तयार होतं.

आजोबा ना आत होते ना बाहेर. दार वीतभर उघडलेलं, त्यातून अंग तिरकं करून एक पाय जमिनीवर टेकलेला, ऑपरेशनचा पाय आतच, दार आणि सीटच्या मध्ये अडकलेला. सगळा भार दारावर, आणि दार माझ्या गाडीवर. घामाने थबथबलेले. चेहरा राखेसारखा. मुलगी म्हणत होती, "बाबा, हलू नका, मी गाडी पुढे घेते," पण त्यांचा पाय जमिनीवर, गाडी हलवणार कशी? मी आत शिरायला गेले तर खांद्याला अडकले. धावत आलेला वॉचमन तर दोन जागांएवढा रुंद, त्याचा हात तेवढा पोचत होता.

आणि त्या माणसाने माझ्याकडे बघून काय म्हणावं? "बाई, तुमच्या गाडीला लागलं हो. चूक झाली."

ठोक्या, माझ्या तोंडातलं वाक्य मी अजून गिळते आहे.

उपाय एकच होता, माझी गाडी बाजूला काढायची. दाराची कड माझ्या पत्र्यात रुतलेली. गाडी निघाली की शेवटपर्यंत ओरखडा जाणार हे कळत होतं. मुलीला गाडीच्या आतून आणि वॉचमनला बाहेरून त्यांना धरायला सांगितलं, आणि इंच-इंच गाडी पुढे घेतली. कर्रर्र आवाज येत होता. मी थांबायचे, "धरलंय का?" विचारायचे, पुन्हा इंचभर. शेवटी दार सुटलं आणि उघडलं. दोघांनी धरलं होतं, तरी त्यांच्या पायातला जीवच गेला होता. गुडघ्यावर बसले. तोच गुडघा. दोन टाके उघडले.

व्हीलचेअर आणली तर ती दोन गाड्यांच्या मध्ये शिरेना. उचलून न्यावं लागलं. उचलायला जे तिघे धावले त्यात भुलेचे डॉक्टर होते.

आवारात पेशंट पडला की आमच्याकडे नोंद करावी लागते. त्यात 'कारण' असा रकाना असतो. मी लिहिलं, 'जागेची रुंदी २१० सें.मी.' दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी बोलावलं. गोड बोलले. म्हणाले, "रुग्णाची घाई, असं लिहा ना मेट्रन. वयस्कर माणसं ऐकत नाहीत." मी म्हटलं, "साहेब, माणूस सात इंचांतून उतरत होता, त्याला घाई कसली?"

चार दिवसांनी नोटीस आली. मी आपल्या खासगी गाडीवरून आधीच तक्रारी केल्या होत्या, त्या रागाच्या भरात गाडी झटक्याने हलवली, म्हणून रुग्ण पडला. पुरावा म्हणून मीच दिलेलं पत्र जोडलंय, पोच्यांच्या फोटोंसकट. चोराच्या उलट्या बोंबा! आणि बोंब मारायला भोंगा मीच दिला.

तुला का लिहिलं नाही, सांगू? मी रागात होते हे खरंच आहे. मला आनंद झाला होता हेही खरं. कधीकधी वाटतं, हलवताना हात जड पडला असेल का?

६ एप्रिलला समितीसमोर बोलावलंय.

ताई


२७ मार्च

ताई,

हात जड पडला नव्हता. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, एकतीस वर्षं पत्रा वाचतो म्हणून सांगतो.

तुझ्या लेकीकडून ओरखड्याचे फोटो मागवून घेतले, उन्हात, तिरके, हातभर अंतरावरून. गाडी झटक्याने नेली की ओरखडा एकसारखा लांब जातो, सुरीने ओढल्यासारखा. तुझ्या दारावरचा तसा नाही. तो थांबत थांबत गेलाय. दर दोन-तीन सेंटिमीटरला बारीक खळगा आहे, गाडी थांबली तिथे कड रुतली, पुन्हा निघाली तिथे सुटली. असे बावीस खळगे मी मोजले. बावीस वेळा थांबलीस तू, ताई. रागावलेलं माणूस बावीस वेळा थांबत नाही.

हे सगळं गॅरेजच्या कागदावर लिहून, सही-शिक्का मारून सोबत पाठवतोय. कागदावर ग्रीसचा अंगठा उमटलाय त्याला इलाज नाही. त्याखाली हिशेब मांडलाय: साधी गाडी पावणेदोन मीटर रुंद. दोनशे दहाच्या दोन जागांत दोन गाड्या अगदी मधोमध उभ्या केल्या तरी मध्ये उरतात पस्तीस सेंटिमीटर. धडधाकट माणसाला उतरायला साठ तरी लागतात, काठीवाल्याला नव्वद.

गाडी दुरुस्त करू नकोस. पुसूही नकोस. आणि समितीसमोर स्वतःच्या गाडीबद्दल एक अक्षर बोलू नकोस. तुला जड जाईल.

मी येऊ का? तू नको म्हणशील. विचारून ठेवतो.

ठोक्या


२० एप्रिल

प्रिय ठोक्या,

आला नाहीस ते बरं केलंस, तुला बघून मी रडले असते आणि ते त्या लोकांना आवडलं असतं.

समितीत पाच जण होते. व्यवस्थापकांनी माझं पत्र वाचून दाखवलं, 'माझ्या नवीन गाडीचे झालेले नुकसान' या शब्दांवर जोर देत. मग विचारलं, "तुमच्या मनात गाडीवरून राग होता की नव्हता?"

मी म्हटलं, "होता. अजून आहे. पण माझी गाडी आजपासून या आवारात येणार नाही. बाहेर रस्त्यावर लावीन, नाहीतर बसने येईन. आता माझा यात काही स्वार्थ उरला नाही. आता बोलूया का त्या पेशंटबद्दल?"

तुझा कागद फिरवला. समितीतल्या एक बाई हाडांच्या डॉक्टर आहेत, त्यांनी फोटो खिडकीपाशी नेऊन स्वतः खळगे मोजले. बावीसच भरले. तोंडाने मोजत होत्या.

मग भुलेच्या डॉक्टरांना साक्षीला बोलावलं. व्यवस्थापकांना वाटलं असावं, हा माणूस माझ्यावर खार खाऊन आहे, म्हणजे आपलाच. डॉक्टर म्हणाले, "मी खिडकीतून पाहत होतो. मेट्रननी गाडी हलवली नसती तर तो पाय मोडला असता. आणि आणखी एक. त्यांच्या गाडीवरची पांढरी रेघ माझी. मला तेव्हाच माहीत होतं. वायपरखाली चारचौघांना दिसेल अशी चिठ्ठी आली म्हणून मी चारचौघांत टोमणा मारला. पट्ट्या अरुंद आहेत हे मला रोज उतरताना कळत होतं, पण मी सडपातळ आहे, मला भागत होतं."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मेट्रन, हळदीचं मनावर घेऊ नका." मी म्हटलं, "घेतलंय. उतरायला वेळ लागेल." आणि त्यांना चहा पाजला. तेवढा माणूसपणा माझ्यातही आहे.

नोटीस मागे घेतली. दिलगिरीचा शब्द नाही, नुसतं 'प्रकरण बंद'. एवढा गाजावाजा करून दिलेली नोटीस पळवाटेने परत नेली. त्याचा राग मला जन्मभर पुरेल. पण आठवड्यात पट्ट्या खोडल्या. पन्नासाच्या चाळीस झाल्या, त्यात हॉस्पिटलच्या दारापाशी चार जागा साडेतीन मीटरच्या, फक्त पेशंटसाठी. आम्हा कर्मचाऱ्यांच्या गाड्या कपडे धुण्याच्या इमारतीमागच्या मैदानात. उन्हात सात मिनिटं चालत यावं लागतं. त्यामुळे आता अर्धं हॉस्पिटल माझ्याशी बोलत नाही. कॅन्टीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं होतं. काल क्ष-किरणवाली तोंडावर म्हणाली, "मेट्रन, तुमच्या एका पोच्यापायी आम्हाला पायपीट." मी म्हटलं, "पाय आहेत तोवर कर."

आज ते टेलर-आजोबा तपासणीला आले होते. मी पायऱ्यांवर उभी होते. त्यांच्या लेकीने पहिल्या रुंद जागेत गाडी लावली. आजोबांनी दार उघडलं, पार शेवटपर्यंत, बिजागरी थांबेल तिथपर्यंत. कशाला लागलं नाही. आधी काठी बाहेर आली, मग चांगला पाय, मग दुसरा. मग ते तिथेच सीटच्या कडेला बसून राहिले, उघड्या दारात, ऊन खात. एक श्वास घेतला, सदऱ्याची बाही नीट केली. मागे एक मोठी गाडी येऊन थांबली होती, तिला शेजारच्या जागेत शिरायचं होतं. हॉर्न वाजवला. आजोबा दचकले आणि घाईघाईने उठायला लागले.

मी पायऱ्या उतरून त्या गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, कमरेवर हात ठेवून. चालवणारा काच खाली करून काहीतरी बोलायला लागला. मी त्याला बोलू दिलं नाही.

"थांबा," म्हटलं. "माणूस उतरतोय."

तुझी ताई